जहाजाचा मुदपाकखाना, आईचा साबण आणि कविता : एका कृष्णवर्णीय-फिलिपिनो कवयित्रीबद्दल

अबोली

अमेरिकन आरमारात कित्येक वर्षं दोन समाजांतल्या माणसांना ठरावीक कामंच मिळायची. अधिकाऱ्यांचं जेवण रांधायचं, टेबल लावायचं, भांडी विसळायची, पांढऱ्या गणवेशांना इस्त्री करायची. एक समाज कृष्णवर्णीय अमेरिकनांचा, दुसरा फिलिपिनोंचा. पहिलं महायुद्ध संपल्यावर, १९१९ साली, आरमाराने कृष्णवर्णीयांची नवी भरती थांबवली आणि त्यांच्या जागी फिलिपिन्समधून पोरं आणली. फिलिपिन्स तेव्हा अमेरिकेची वसाहत होती. १९३२ मध्ये कृष्णवर्णीयांना पुन्हा दार उघडलं, तेही मुदपाकखान्यापुरतंच. १९४२ पासून त्यांना इतर कामं मिळू लागली. फिलिपिनोंना मात्र १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वाढप्याच्या हुद्द्यावरच ठेवलं.

हे सगळं मला पहिल्यांदा एका कवितेतून कळलं, आणि तेव्हापासून त्या कवितेबद्दल आणि ती लिहिणारीबद्दल इथे लिहायचं मनात होतं.

मी व्हॅलेहोत राहते. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, खाडीकाठचं गाव. इथली आरमाराची मेअर आयलंड गोदी १८५४ साली सुरू झाली आणि १९९६ साली बंद पडली. गोदी गेली, पण तिच्यासाठी आलेली कुटुंबं राहिली. त्यामुळे कृष्णवर्णीय आणि फिलिपिनो घरं शेजारी-शेजारी आहेत आणि दोन्हीकडचं रक्त असलेली मुलंही बरीच दिसतात. एच.ई.आर. ही गायिका इथलीच, वडील कृष्णवर्णीय, आई फिलिपिनो. २०२१ साली तिला वर्षातल्या सर्वोत्तम गीताचं ग्रॅमी मिळालं आणि पाठोपाठ ऑस्करही.

मी जिच्याबद्दल लिहितेय ती एवढी प्रसिद्ध नाही. वडील कृष्णवर्णीय, आरमारातून निवृत्त झालेले. आई फिलिपिन्समधल्या ओलोंगापोची, पेशाने नर्स. आमची ओळख वाचनालयातल्या लेखनवर्गात झाली, तो वर्ग तीच घेते. तिच्या घरातल्या गोष्टी येणार आहेत म्हणून नाव देत नाही. लिहायला तिची हरकत नाही, विचारूनच लिहितेय.

त्या कवितेत दोन फोटो आहेत. एकात तिच्या वडिलांचे वडील, १९३० च्या दशकातले. दुसऱ्यात आईचे मामा, १९६० च्या दशकातले. दोघांच्या अंगात तसंच आखूड पांढरं जाकीट, डाव्या हातावर घडी घातलेला नॅपकिन, उजव्या हातात कॉफीची चांदीची किटली. दोघं आयुष्यात कधी भेटले नाहीत. कवितेत ती त्यांना एका टेबलाशी बसवते आणि कॉफी स्वतः ओतते. आजोबा विचारतात, चांदी घासून घासून तुझ्याही अंगठ्याला भेगा पडायच्या का? मामा काही न बोलता अंगठा पुढे करतात. एवढीच कविता. ऐकून झाल्यावर मला बराच वेळ दुसरं काही सुचेना.

लोक तिला हमखास विचारतात, तू जास्त कुठली? वडिलांकडची की आईकडची? तिचं म्हणणं असं, की हा प्रश्न विचारणारा धरून चालतो की दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि त्या तिच्या जन्माच्या वेळी एकत्र आल्या. तिच्या मते त्या कधी वेगळ्या नव्हत्याच. ज्या आरमाराने आजोबांना किटली दिली, त्यानेच मामांना दिली. ज्या नाविक तळामुळे तिचे वडील ओलोंगापोला पोचले, त्याच तळाने आईचं गाव घडवलं आणि बिघडवलंही. तिने फक्त दोन टोकं हातात धरून मधला दोरा शोधायचा.

ओलोंगापोबद्दल थोडं सांगायला हवं. सुबिक बे हा अमेरिकेचा आशियातला अवाढव्य नाविक तळ या गावाला लागून होता. तळाच्या दाराबाहेर बार, नाचघरं, सावकार, आणि त्यांच्यावर पोट असलेल्या हजारो बायका. सैनिकांपासून झालेली मुलंही हजारो. १९८२ साली अमेरिकेने आशियातल्या अशा मुलांना देशात घ्यायचा कायदा केला. त्यात कोरिया, व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया, थायलंड होते, फिलिपिन्स नव्हतं. १६ सप्टेंबर १९९१ रोजी फिलिपिन्सच्या सिनेटने १२ विरुद्ध ११ मतांनी तळाचा करार नाकारला आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये शेवटचे अमेरिकन गेले. मुलं मागे राहिली. त्यातही ज्यांचे वडील कृष्णवर्णीय, त्यांच्या वाट्याला शाळेत, गल्लीत, देवळात सगळ्यात जास्त हिणवणं आलं. हिच्या आईवडिलांचं रीतसर लग्न झालं, कागद झाले, ती इकडे जन्मली. आईच्या गल्लीतली तिच्याच वयाची मुलं तिकडे वाढली. तिचा अख्खा एक संग्रह त्या न भेटलेल्या मुलांना उद्देशून आहे. त्यात दया दाखवलेली नाही. ती त्यांना आपल्या दिवसाचा हिशोब देते, एखाद्या बहिणीला पत्र लिहावं तसा.

आणि मग साबणाची कविता. फिलिपिन्समध्ये त्वचा उजळवणारा पपईचा साबण घरोघरी असतो. आई तिला लहानपणी त्याने घासायची, कोपरं, गुडघे, मान. वर्षानुवर्षं. मोठी झाल्यावर तिने त्यावर कविता लिहिली आणि छापायच्या आधी आईला वाचून दाखवली. आई दुखावली. खूप. म्हणाली, तुला शाळेत काय ऐकावं लागेल ते मला माहीत होतं, आणि माझ्या हातात साबणाशिवाय दुसरं होतं काय? कवयित्रीने कविता फाडली नाही आणि जशीच्या तशी छापलीही नाही. आईचं हे वाक्य शेवटी घातलं, आईच्याच तोडक्या इंग्रजीत, व्याकरण न सुधारता. आता ती कविता दोघींची आहे असं ती सांगते.

घरच्यांबद्दलची प्रत्येक कविता ती आधी घरी वाचते. तिच्या दृष्टीने मुक्तीचं राजकारण आणि आईच्या ओट्याशी बसून वाचणं या एकाच कामाच्या दोन बाजू आहेत. मोर्चात घोषणा देणाऱ्या माणसाला घरातल्या माणसाचं ऐकून घेता आलं नाही, तर त्या घोषणेवर तिचा विश्वास बसत नाही.

मला हे पटतं. तुम्हाला काय वाटतं? जे लिहितात त्यांनी विशेषतः सांगा.

दर्यावर्दी_रत्नागिरी

धागा वाचून राहवलं नाही. मी मर्चंट नेव्हीत, इंजिन विभागात. जगातल्या कुठल्याही मालवाहू जहाजावर चढा, फिलिपिनो भेटणारच. खलाशी पुरवण्यात तो देश जगात आघाडीवर आहे. आमच्या जहाजावरचा मुख्य कूक बातांगासचा होता. वडील आणि काका दोघंही अमेरिकन आरमारात वाढपी होते, हे तो फार अभिमानाने सांगायचा. घर त्या पगारावर उभं राहिलं, पेन्शन डॉलरमध्ये. त्या कामात अपमान होता असं त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

म्हणून विचारतो अबोलीताई, त्या मामांना स्वतःला काय वाटत होतं? कवयित्रीला ते दुःख दिसतं, त्यांना तो अभिमान वाटत असेल तर?

अबोली

दर्यावर्दी, अगदी नेमका प्रश्न. मी तिला हेच विचारलं होतं. मामांनाही अभिमानच होता म्हणाली. फोटो त्यांनी स्वतः फ्रेम करून दिवाणखान्यात लावला होता. म्हणूनच कवितेत ते तक्रार करत नाहीत, अंगठा दाखवतात फक्त. अभिमान आणि भेग दोन्ही त्यांचंच. त्यातलं एक खोडून दुसरं ठेवायचा हक्क आपल्याला नाही असं ती मानते.

वाटसरू_१८५७

सुंदर धागा. या गोष्टीची मुळं आणखी मागे जातात.

१८९८ च्या स्पॅनिश युद्धानंतर अमेरिकेने फिलिपिन्स विकत घेतलं आणि १८९९ मध्ये तिथल्या स्वातंत्र्यसैनिकांशी लढाई सुरू झाली. त्या लढाईत अमेरिकेने आपल्या कृष्णवर्णीय पलटणीही पाठवल्या, २४ वी आणि २५ वी इन्फन्ट्री त्यातल्या ठळक. मायदेशात त्याच वर्षी एप्रिलमध्ये जॉर्जिया राज्यात सॅम होझ नावाच्या कृष्णवर्णीय मजुराला जमावाने हालहाल करून जिवंत जाळलं होतं. फिलिपिनो बंडखोरांनी ही बातमी हेरली आणि कृष्णवर्णीय सैनिकांना उद्देशून फलक लावले. सॅम होझचं नाव घेऊन त्यांना विचारलं, तुम्ही कोणासाठी लढताय?

विचार करा, फिलिपिन्समधल्या लुझोन बेटावर भाताच्या शेतात दडून बसलेल्या माणसांना जॉर्जियातल्या एका मजुराचं नाव माहीत होतं.

२४ व्या इन्फन्ट्रीतला डेव्हिड फॅगन, फ्लोरिडातल्या टॅम्पाचा जवान, नोव्हेंबर १८९९ मध्ये पलटण सोडून फिलिपिनो सैन्याला जाऊन मिळाला. नुएवा एसिहा प्रांतात जनरल उर्बानो लाकुना यांच्या हाताखाली तो कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत चढला. अमेरिकन सैन्याला त्याने इतकं सतावलं की त्याच्या डोक्यावर ६०० डॉलरचं बक्षीस लागलं. डिसेंबर १९०१ मध्ये एका शिकाऱ्याने कुजलेलं मुंडकं आणून बक्षिसाची मागणी केली, पण ते फॅगनचंच होतं याची खात्री पटण्याजोगा पुरावा नव्हता. तो डोंगरात स्थानिक लोकांमध्ये राहिला असंही मानणारे आहेत.

या कवयित्रीने फॅगनवर काही लिहिलंय का?

अबोली

लिहिलंय, पण ती कविता तिची तिलाच आवडत नाही. वीरपुरुषाची कविता लिहिणं तिला जड जातं. तिला त्या इतर हजारोंचं पडलंय, ज्यांनी तो फलक वाचला, खिशात घातला आणि हुकूम आला तसे चालत राहिले. त्यांच्यात आपले आजोबा असते तर काय, असं ती विचारते. त्यांना भित्रं म्हणायला ती तयार नाही, कारण त्यांच्या पगारावर मागे अलाबामात किंवा टेक्सासमध्ये कोणाचं तरी घर चालत होतं.

गुरुजी_सांगली

मी शिक्षक. वाटसरूंनी सैनिकांचं सांगितलं, मी मास्तरांचं सांगतो.

कार्टर वुडसन, ज्यांना अमेरिकेत कृष्णवर्णीय इतिहासाचे जनक मानतात, ते १९०३ ते १९०७ फिलिपिन्समध्ये शिक्षणखात्यात नोकरीला होते. पुढे १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात तिथला एक प्रसंग आहे. अमेरिकेहून आलेले उच्चशिक्षित मास्तर फिलिपिनो पोरांना सफरचंदाचं झाड हलवायचं गाणं शिकवत. पोरांनी सफरचंद जन्मात पाहिलेलं नाही. मग एक साधा माणूस आला, अध्यापनाचं कसलंही प्रशिक्षण नसलेला. त्याने गाण्यात सफरचंदाच्या जागी लोंबॉयचं झाड घातलं, जे पोरं खरोखर हलवत होती. वॉशिंग्टनच्या आधी त्याने होसे रिझाल या फिलिपिनोंच्या राष्ट्रनायकाची गोष्ट सांगितली. पोरं शिकू लागली.

लोंबॉय म्हणजे आपलं जांभूळ. हे वाचलं तेव्हा मी वर्गात जाऊन पोरांना सांगितलं, इतकं मला भरून आलं होतं. वुडसन अमेरिकेत परतले आणि कृष्णवर्णीय मुलांना स्वतःचा इतिहास शिकवण्यासाठी आयुष्य घातलं. फिलिपिन्समधलं ते पाहणं त्यांच्या मनात किती खोल गेलं होतं हे या प्रसंगावरून दिसतं. दोन समाजांची देवाणघेवाण अशीही होती.

पिंपळपान

लेख आवडला, पण मुख्य मुद्द्याशी असहमत आहे आणि ते स्पष्ट लिहितो.

घरी वाचून दाखवून मग छापायचं, हे ज्या घरात ऐकून घेणारं कोणी आहे तिथे ठीक. आमच्याकडे लिहिणाऱ्या बायकांनी परवानगी मागितली असती तर एक ओळ उजेडात आली नसती. बेबीताई कांबळे फलटणला दुकानात बसून लिहायच्या आणि वह्या नवऱ्यापासून लपवून ठेवायच्या. वीस वर्षं त्या वह्या तशाच राहिल्या. घरच्यांच्या मारहाणीबद्दलही त्यांनी लिहिलं. ते घरी वाचून दाखवायचं होतं?

आणखी एक. आपल्याकडे या देवाणघेवाणीचा वारसा जुना आहे, तो इथे नोंदवायला हवा. जोतिरावांनी १८७३ साली गुलामगिरीवरचं आपलं पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना अर्पण केलं. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागवली आणि ड्यू बॉइस यांचं उत्तरही आलं. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांनी दलित पँथर काढली, ती ओकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून. ओकलंड व्हॅलेहोपासून किती लांब आहे अबोली? या सगळ्यात कोणी कोणाची परवानगी घेतली नव्हती. मुक्ती मागायला गेलं की घरातले पहिले आडवे येतात.

अबोली

ओकलंड गाडीने अर्धा-पाऊण तास. पँथरचा उल्लेख तुम्ही केलात हे फार बरं झालं. मी तिला ढसाळांबद्दल सांगितलं तेव्हा तिने लगेच इंग्रजी अनुवाद मागवून वाचले, आणि कामाठीपुऱ्याच्या त्या कविता वाचून तिला ओलोंगापोचा रस्ता दिसला असं म्हणाली.

तुमच्या आक्षेपावर घाईने उत्तर देत नाही. तिला विचारून लिहिते.

नीरजा_अटलांटा

मी सहसा इथे फक्त वाचते. आज लिहिते.

माझे यजमान कृष्णवर्णीय अमेरिकन आहेत. मुलगी अकरा वर्षांची. पुण्याला गेलो की तिच्या केसांवरून हात फिरवणारे, "अगदीच काळी नाही हो, सावळी आहे" असं मला समजावणारे, सुट्टीत उन्हात खेळू नको म्हणून तिला घरात बसवणारे, हे सगळे माझ्यावर प्रेम करणारेच लोक आहेत. साबणाची कविता वाचून मी तासभर स्वयंपाकघरात उभी होते. माझ्या माहेरी तिच्यासाठी डाळीचं पीठ आणि हळद कालवून ठेवलेली असते. मी कधी थांबवलं नाही.

तिच्या शाळेत एका गटात तिला कृष्णवर्णीय म्हणून बोलावतात, दुसऱ्या गटात भारतीय म्हणून, आणि ती दोन्हीकडे थोडी गप्प असते. अबोली, तुमच्या कवयित्रीला लहानपणी काय मदत झाली? आई म्हणून विचारतेय.

दर्यावर्दी_रत्नागिरी

नीरजाताई, लिहिलंत हे फार मोलाचं. हळदीचं तुम्ही आता थांबवू शकता, तेवढं नक्की.

सावनी

नीरजाच्या प्रश्नाला धरून लिहिते. मी सध्या सॅन फ्रान्सिस्कोत शिकते, वांशिक अभ्यास हा माझा विषय आहे. हा विषय विद्यापीठात असणं हीच मुळात एका संपाची कमाई आहे. ६ नोव्हेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेने संप पुकारला. फिलिपिनो, चिनी, जपानी, लॅटिनो विद्यार्थ्यांच्या संघटना आघाडी करून त्यांच्याबरोबर उतरल्या. पाच महिने चालला तो संप, पोलिसांच्या लाठ्या खाऊन. मार्च १९६९ मध्ये मिटला आणि वांशिक अभ्यासाचा स्वतंत्र विभाग मिळाला. आमच्या इमारतीत त्या दिवसांचे फोटो आहेत. एका बाकड्यावर कृष्णवर्णीय मुलगा आणि फिलिपिनो मुलगी पत्रकं मोजत बसलेत. मला वाटतं असे फोटो मुलांना लहानपणी दिसायला हवेत.

फिलिपिनो कवींमध्ये अल रोब्लेस यांचं नाव इथे यायलाच हवं. ते सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर भागात वाढले, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या आणि जॅझच्या वस्तीत. त्यांच्या कवितेची लय तिथली आणि माणसं मात्र म्हातारे फिलिपिनो मजूर, ज्यांनी उमेदीची वर्षं शतावरी आणि द्राक्षांच्या शेतांत घालवली. या म्हाताऱ्यांचं शहरातलं राहायचं ठिकाण म्हणजे इंटरनॅशनल हॉटेल. ४ ऑगस्ट १९७७ च्या पहाटे पोलिसांनी त्यांना तिथून बाहेर काढलं, तेव्हा हजारो लोक हातात हात गुंफून इमारतीभोवती उभे होते. रोब्लेस या म्हाताऱ्यांना जेवू घालायचे, डॉक्टरकडे न्यायचे आणि त्यांच्या गोष्टी लिहून घ्यायचे. कविता आणि डबे पोचवणं एकाच माणसाने केलं.

वाटसरू_१८५७

गायिका शुगर पाय डीसँटो पण फिलमोरच्याच ना? वडील फिलिपिनो, आई कृष्णवर्णीय पियानोवादक. साठच्या दशकात ब्लूज गाजवलं त्यांनी. डिसेंबर २०२४ मध्ये वारल्या.

सावनी

हो, त्याच. फिलमोरमध्येच वाढल्या.

अबोली

दोन दिवसांनी येतेय. तिच्याशी सविस्तर बोलणं झालं. आधी नीरजा.

तिला लहानपणी मदत झाली ती आजीची, वडिलांच्या आईची. आजी लुईझियानाची. वाढदिवसाला आई पान्सित, म्हणजे त्यांच्या लांब शेवया, करायची, आयुष्य लांब होवो म्हणून. आजी त्याच टेबलावर आपली गम्बो, म्हणजे तिकडचं दाट सार, आणून ठेवायची. आणि नात घरी आली की आजी तिचे केस विंचरायची. रविवारी दुपारी, पायाशी बसवून, नारळाचं तेल लावून, भांग पाडून वेण्या घालत. आईला ते केस हाताळता येत नव्हते, म्हणून ती रडायची. आजीने सुनेला एक दिवस शेजारी बसवलं आणि बोटं धरून शिकवलं. नारळाचं तेल दोघींच्या घरचं, त्यामुळे सुरुवात सोपी झाली. तिचं म्हणणं, मला कोणी ओळख समजावून सांगितली नाही, दोन बायकांनी माझ्या डोक्यावर एकत्र हात ठेवले. नीरजा, तुमच्या सासूबाई किंवा नणंदा जवळ असतील तर आईंना त्यांच्या शेजारी बसू द्या असं तिने सुचवलंय. आणि मुलगी गप्प असते तेव्हा तिला वही द्या म्हणाली, पण वही वाचायला मागू नका.

कवींच्या जगातही तिच्यापुढे हाच दोन गटांचा प्रश्न आला. अमेरिकेत कृष्णवर्णीय कवींसाठी केव्ह कानेम ही संस्था १९९६ साली निघाली, आशियाई-अमेरिकन कवींसाठी कुंदिमान २००४ साली. दोन्हींनी पिढीच्या पिढी उभी केली आहे. तिने ठरवलं की दोन्हीकडे अर्ज करायचा तो एकाच कवितांचा. तिथे एक चेहरा आणि इथे दुसरा, असं करायचं नाही.

आता पिंपळपान. तुमचा प्रतिसाद मी तिला पूर्ण वाचून दाखवला, बेबीताईंसकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने सांगितलं की एक कविता तिने कोणालाही न विचारता छापली आहे.

१७ जुलै १९४४ ला इथून जवळच पोर्ट शिकागोच्या धक्क्यावर दारूगोळा चढवताना स्फोट झाला. ३२० माणसं मेली, त्यातले २०२ कृष्णवर्णीय जवान. धोक्याचं ते काम त्यांच्याच माथी मारलेलं होतं, तेही प्रशिक्षणाशिवाय. वाचलेल्यांना काही आठवड्यांत मेअर आयलंडला आणून पुन्हा तेच काम करायला सांगितलं. २५८ जणांनी नकार दिला. ५० जणांवर बंडाचा खटला भरून शिक्षा ठोठावली. आरमाराने त्यांना निर्दोष ठरवलं ते १७ जुलै २०२४ रोजी, म्हणजे बरोबर ८० वर्षांनी. तोवर त्यातलं कोणी हयात नव्हतं.

तिचे आजोबा तेव्हा मेअर आयलंडवर होते. नकार देणाऱ्यांत नव्हते. ते कामावर गेले. घरात हा विषय कधी निघाला नाही. वडिलांनी तिला लहानपणीच बजावलं होतं की आजोबांना युद्धाबद्दल विचारायचं नाही. ती कविता त्या सकाळबद्दल आहे. विचारलं असतं तर वडील नाही म्हणाले असते, हे तिला ठाऊक होतं, आणि त्या नाहीनंतर तिला ती छापता आली नसती. म्हणून विचारलं नाही. वडील वर्षभर तिच्याशी नीट बोलले नाहीत. नंतर एकदा गाडी चालवताना त्यांनी एवढंच विचारलं, ते कामावर गेले हे तुला कुणी सांगितलं? तिने आजीचं नाव सांगितलं. वडील म्हणाले, मला तिने कधीच सांगितलं नाही.

तिचं तुम्हाला उत्तर असं : आई स्वतःची बाजू सांगू शकत होती, म्हणून आईला विचारलं. आजोबा हयात नव्हते आणि वडील त्यांच्या वतीने गप्प होते. गप्प बसवणाऱ्याची परवानगी आणि ज्याची गोष्ट आहे त्याची परवानगी, यांत ती फरक करते. बेबीताईंच्या जागी असती तर तिनेही वह्या लपवल्या असत्या, हे तिने आपणहून सांगितलं.

पिंपळपान

हे सगळं तिला वाचून दाखवलंत, तिने इतकं मोकळेपणाने उत्तर दिलं, दोघींचे मनापासून आभार. पोर्ट शिकागोचं मला माहीत नव्हतं. कामावर गेलेल्या माणसाची कविता लिहायला नकार देणाऱ्यांची कविता लिहिण्यापेक्षा जास्त धैर्य लागतं, हे मानतो.

तरी माझा अर्धा आक्षेप उरतो. ज्याची गोष्ट आणि जो गप्प बसवतो, ही बहुतेक घरांत एकच व्यक्ती असते. मार खाणारी आईच लेकीला सांगते, हे लिहू नकोस. तिथे काय करायचं? साबणाच्या कवितेत आई बोलायला तयार झाली, म्हणून मार्ग निघाला. ती तयार झाली नसती तर?

अबोली

तर ती कविता वहीत राहिली असती, असं ती म्हणाली. हा प्रश्न मी आधीच विचारला होता. आणि मला तिचं ते उत्तर पूर्ण पटलेलं नाही. आईची ती पिढी नर्स म्हणून इथल्या दवाखान्यांत झिजली. करोनाच्या पहिल्या काही महिन्यांत अमेरिकेत गेलेल्या नर्सांपैकी जवळपास तिसरा हिस्सा फिलिपिनो होत्या, एकूण नर्सांत त्या साधारण चार टक्के असताना. तिची आईही तेव्हा कामावर होती. त्या बायकांना स्वतःबद्दल बोलायची सवयच नाही. त्या हो म्हणायची वाट पाहायची ठरवली तर पुष्कळ काही वहीतच संपेल. यावर आमचं अजून चालू आहे.

गुरुजी_सांगली

पिंपळपान आणि अबोली, तुम्हा दोघांचं हे बोलणं मी आमच्या अकरावीच्या मुलांना वाचायला देऊ का? नावं काढून देईन. त्यांना घरच्या माणसाची मुलाखत घ्यायचा उपक्रम आहे आणि दरवर्षी दोन-तीन मुली रडत येतात की घरी नाही म्हणाले.

पिंपळपान

जरूर द्या. आणि त्या मुलींना माझ्याकडून सांगा, वही ठेवा.

नीरजा_अटलांटा

अबोली, खूप आभार तुमचे आणि त्यांचेही. सासूबाई सव्वानामध्ये असतात, चार तासांवर. आई फेब्रुवारीत येतेय. दोघींना एकाच आठवड्यात बोलावतेय. वही आजच आणली, वाचायला मागणार नाही. त्यांच्या त्या न भेटलेल्या मुलांना लिहिलेल्या संग्रहाचं नाव कळवाल का, इथे नको, विपूत, म्हणजे मला वेगळ्या निरोपात.

अबोली

विपू केली आहे.